भुतालाही कायदा हवा: काही भयपट, काही थरारपट आणि घरच्यांसोबत बघायचे सिनेमे

भयपट फसतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. भूत काय करू शकतं आणि त्याला काय जमत नाही, हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवलेलं नसतं. सुरुवातीला ते उंबरठ्याशी अडतं, शेवटी भिंतीतून आरपार येतं. एका प्रसंगात दिव्याला घाबरतं, पुढच्या प्रसंगात ट्यूबलाइटखाली उभं राहतं. मग प्रेक्षक हिशेब मांडणं सोडून देतो, आणि हिशेब सुटला की भीतीही संपते, उरतं ते फक्त दचकणं. दचकवणं सोपं आहे. दहा-पंधरा सेकंद आवाज पूर्ण उतरवायचा, चौकटीची एक बाजू रिकामी ठेवायची आणि मग तिथून काहीतरी मोठ्या आवाजासकट आत आणायचं, की कुणीही दचकतो. खरी भीती वाटते ती पुढे काय होणार हे कळत असतं आणि पात्रं तरीही तिकडेच चाललेली असतात तेव्हा. अलीकडे पाहिलेल्या सिनेमांना, थरारपटांना आणि घरगुती सिनेमांनासुद्धा, मी हीच कसोटी लावली आहे.

या कसोटीला सगळ्यात स्वच्छ उतरतो तो ‘तुंबाड’. 12 ऑक्टोबर 2018 ला लागला तेव्हा फार चालला नाही. 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा थेटरात आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, पण गोष्टीचा खोतांशी संबंध नाही. बीज आहे नारायण धारपांच्या कथेत. धारप ज्यांनी वाचलेत त्यांना ती जात लगेच ओळखू येईल: संकट कुठूनही उगवत नाही, ते एखाद्या घराला, घराण्याला किंवा कुणीतरी लोभापायी मोडलेल्या मर्यादेला चिकटून येतं.

हस्तरचे नियम बघा. देवीचं हे पहिलं अपत्य. त्याला सोनं मिळालं, पण धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याचा नाश करायला घेतला, आणि आईनं त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवलं. त्यामुळे तो कायम भुकेला. सोन्याच्या मुद्रा त्याच्या लंगोटात. त्या गर्भात खाली उतरायचं ते पिठाची बाहुली घेऊन, स्वतःभोवती पिठाचं रिंगण आखून. तो बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्या वेळात हाताला लागतील त्या मुद्रा खेचायच्या आणि दोरावरून वर यायचं. त्याचा स्पर्श झाला तर मरण येत नाही, मरणाहून वाईट काहीतरी वाट्याला येतं, आणि ते काय असतं हे साखळीनं बांधलेल्या म्हातारीच्या रूपात आपण पहिल्याच भागात पाहिलेलं असतं. एवढ्या नियमांवर सिनेमा 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत फिरतो आणि एकदाही फसवणूक करत नाही. सावकार खाली उतरतो तेव्हा त्याला काय माहीत नाही हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच त्या प्रसंगात मोठ्या आवाजाची गरज पडत नाही.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) तिसऱ्या भागातली चाल तर पटकथा लिहिणाऱ्यांनी शिकावी अशी. पांडुरंग बापाला, म्हणजे नायक विनायकला, सुचवतो की चार-दोन मुद्रांऐवजी अख्खा लंगोटच पळवू, त्यासाठी बाहुल्या जास्त नेऊ. बाहुल्या जास्त नेल्या तर काय होईल, हे सिनेमानं तोवर कुठंही सांगितलेलं नाही, पण उत्तर जुन्याच नियमातून निघतं. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. नवीन शक्ती नाही, नवीन मंत्र नाही. लोभाचं प्रमाण वाढलं तसं संकटाचं वाढलं, एवढंच. विनायक त्यातून जो मार्ग काढतो तोही त्याच पिठाच्या बाहुल्यांचा. बाहेरून कुणी मांत्रिक येत नाही.

चित्रीकरण 2012 साली सुरू झालं, मग पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं आणि 2015 मध्ये ते पुरं झालं. पडद्यावरचा पाऊस खरा पावसाळ्यातला आहे आणि तो कुठंही थांबत नाही. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात कोकणचा तो करडा, शेवाळी उजेड आहे, भर दुपारीही दिवेलागण झाल्यासारखा. वाड्याच्या आत चिमणी-कंदिलाच्या पलीकडे काही दिसत नाही, आणि गर्भातला लाल रंग त्यामुळेच अंगावर येतो. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी या तिन्हींसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. खटकतं ते दोन ठिकाणी. मधला पुण्यातला भाग घाईत उरकलाय, आणि विनायकच्या बायकोला पटकथेनं फार कमी दिलंय. अनिता दाते-केळकर पिठाच्या गिरणीभोवतीच्या मोजक्या प्रसंगांतही उभी राहते हे तिचं कौतुक. आणि हो, कोकणस्थ घरातली माणसं शुद्ध हिंदीत बोलतात हे मराठी कानाला पहिली दहा मिनिटं टोचणारच.

घरी बघणार असाल तर आधी टीव्ही नीट लावा, कारण असे सिनेमे टीव्हीच्या चुकीच्या मांडणीनं अक्षरशः मरतात. चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर काळ्या रंगातले सगळे बारकावे एकाच डांबरी पट्ट्यात बुडतात. तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा ‘इको’ सेन्सरही बंद करा. खोली काळोखी केल्यावर तो पडदा आणखी मंद करतो आणि मग कंदिलाच्या प्रसंगात काहीच दिसत नाही. ओटीटीवर डेटा वाचवण्याची सेटिंग असेल तर धुक्यात आणि अंधारात पायऱ्या-पायऱ्या दिसतात, म्हणून सगळ्यात वरचा दर्जा निवडा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि दणके मात्र कान फाडणारे वाटत असतील, तर दोन स्पीकरच्या टीव्हीवर जास्त स्पीकरसाठी बनवलेला 5.1 चा ट्रॅक चालू आहे असं समजा. स्टिरिओ ट्रॅक निवडला की बोलणं वर येतं. तो पर्याय नसेल तर टीव्हीतला ‘नाइट मोड’ लावा.

‘लपाछपी’ (2017) आणि तिचं हिंदी रूप ‘छोरी’ (2021) ही दोन्ही विशाल फुरिया यांचीच. गरोदर बाई, कर्जाच्या भानगडीत अडकलेला नवरा, लपायला मिळालेलं उसाच्या फडातलं एकाकी घर, आणि त्या घरातली सांभाळ करणारी बाई. जागा इतकी अचूक निवडलीय की अर्धं काम तिथंच झालं. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेला की आत दोन-तीन हातांपलीकडे दिसत नाही. पात्याची कड अंग कापते, त्यामुळे धावता येत नाही. वारा सुटला की सगळीकडून एकच सळसळ येते आणि आवाज कुठल्या बाजूनं आला हे ओळखता येत नाही. लपाछपी खेळणारी पोरं त्यात असली की मग रात्रीचीही गरज नाही, भर उन्हात भीती वाटते. ‘लपाछपी’चा पहिला भाग याच आधारावर उभा आहे. उषा नाईक यांची तुळसाबाई आवाज न चढवता, मायेनं बोलत बोलत धाक घालते. पूजा सावंतनं आठव्या महिन्यातल्या बाईचं उठणं-बसणं, धाप, पोटावर आपसूक जाणारा हात हे सगळं सांभाळलंय.

‘छोरी’त पैसा जास्त आहे, मीता वशिष्ठ ताकदीच्या आहेत, नुसरत भरुचानं मेहनत घेतलीय. पण भूत जास्त वेळा आणि जास्त जवळून दाखवलंय, त्यामुळे धार कमी झाली. मुलीच्या जन्माचा विषय दोन्हींत खरा आणि जळजळीत आहे. तो शेवटी पात्रांच्या तोंडून समजावून सांगितला जातो, ही कमतरताही दोन्हींत सारखीच. जे विहिरीपाशी आणि फडात आधीच कळलं, ते पुन्हा बोलून दाखवायला नको होतं. दोनांतलं एकच बघायचं तर ‘लपाछपी’ बघा. गरोदर बाईनं मात्र दोन्ही टाळावेत, हे अगदी मनापासून सांगते.

‘मुंज्या’ (जून 2024) आदित्य सरपोतदारांचा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी मुलगा गेला तर तो मुंज्या होऊन पिंपळावर बसतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकलेली. सिनेमा तिला 1952 च्या कोकणातल्या एका पोराची हट्टी, विकृत प्रेमकथा जोडतो. तो आपल्याच वंशातल्या मुलाच्या मानगुटीवर बसतो आणि त्याची मागणी एकच असते: मुन्नीशी लग्न. नियम छान आहे, कारण भूत लहान मुलाच्या बुद्धीचं आहे. त्याला नाही म्हटलेलं कळत नाही. त्याचा हट्ट जसा हसवतो तसाच तो अंगावरही येतो. सुहास जोशींची आजी आहे तोवर सिनेमाला घराचा वास आहे. संगणकावर घडवलेला मुंज्या नजर आणि हावभावांसकट जमलाय.

घसरण होते ती उत्तरार्धात. तिथं त्याची ताकद प्रसंगाच्या सोयीनं कमी-जास्त होते. कधी एका झटक्यात माणूस उडवतो, कधी गोड बोलण्यानं गप्प बसतो. सत्यराज यांचं पात्र विनोदासाठी आत आणलंय आणि विनोद जमतोही, पण प्रत्येक हशामागे मुंज्या थोडा थोडा निरुपद्रवी होत जातो. आईबापांसाठी एक सूचना: हा ‘मुलांचा भुताचा सिनेमा’ म्हणून विकला जातो, पण सुरुवातीला एक मुलगा स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, आणि तो प्रसंग सौम्य केलेला नाही. दहा-अकराच्या खालच्या मुलांना तिथं त्रास होऊ शकतो. मोठी मुलं पुढचं सगळं मजेत बघतील.

मल्याळममधला ‘ब्रमयुगम’ (2024) मराठी प्रेक्षकांनी नक्की बघावा, सबटायटल्ससकट. सतराव्या शतकातला मलबार, जंगलात पडीक झालेला एक मोठा वाडा, तिथं वाट चुकून आलेला गायक, वाड्याचा स्वयंपाकी आणि वाड्याचा धनी. धनी मम्मूटी. संपूर्ण सिनेमा कृष्णधवल आहे. गायक धन्याशी फाशांचा खेळ खेळतो आणि पणाला लावतो स्वतःचा काळ. हरल्यावर त्याला वाड्याबाहेर जाता येत नाही. इथं भीती एका साध्या प्रश्नातून वाढत जाते: किती दिवस झाले? पाऊस पडतच राहतो, दिवस मोजता येत नाहीत, गायकाला स्वतःची माणसं आठवेनाशी होतात. सत्ता माणसाला कशी गिळते हे राहुल सदाशिवन यांनी एकही भाषण न देता दाखवलंय. मम्मूटींचं जेवण बघा. मांडी घालून, घास मोडून, हाड चोखून ते ज्या सावकाशीनं जेवतात, त्यात समोर उभ्या भुकेल्या माणसाची काय किंमत आहे हे सगळं कळतं. लय संथ आहे, दोन तासांहून मोठा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच लावा, नाहीतर पहिला पाऊण तास सुटून जाईल आणि मग पुढचं काहीच पोचणार नाही.

‘वश’ आणि ‘शैतान’ यांच्याबद्दल थोडक्यात. गुजराती ‘वश’ (2023) मूळ, ‘शैतान’ (2024) हिंदी. अनोळखी माणूस मुलीला काहीतरी खायला देतो आणि त्यानंतर तो सांगेल ते ती करते. जानकी बोडीवाला दोन्हींत मुलीच्या भूमिकेत आहे आणि ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एक दिवाणखाना, एक कुटुंब, एक पाहुणा: एवढं असतं तोवर दोन्ही सिनेमे श्वास रोखायला लावतात. ‘शैतान’मध्ये माधवन हसत हसत ज्या आज्ञा देतो त्या ऐकवत नाहीत. पण नंतर त्याच्या मागे जगावर सत्ता मिळवण्याचा मोठा बेत जोडलाय. घरापुरतं असलेलं संकट जगाएवढं झालं की ते कुणाचंच उरत नाही. म्हणून मूळ गुजराती आधी बघा.

थरारपटात भुताच्या जागी वेळापत्रक असतं. कोण कुठं होतं, किती वाजता, कुणी पाहिलं. निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (2015) पुन्हा पाहताना हेच लक्षात येतं की पटकथेचा जवळजवळ पूर्ण पहिला भाग सामानाची जुळवाजुळव आहे. मूळ जीतू जोसेफ यांचं मल्याळम (2013). हिंदीत ते गोव्यात आणलं आणि ते तिथं अगदी मुरलं. विजय साळगावकर, चौथी नापास, केबलचा धंदा, रात्रभर ऑफिसात सिनेमे बघणारा. सुरुवातीला हे सगळं नुसतं स्वभाववर्णन वाटतं, काहींना कंटाळवाणंही. पण त्याला पोलिसांची चौकशी कशी चालते हे कुठून कळलं, याचं उत्तर तिथंच दिलेलं असतं. पोलीस गायतोंडेशी त्याचं वैर, हॉटेलातल्या गप्पा, बांधकाम चालू असलेली पोलीस चौकी, यातलं एकही पुढे वाया जात नाही.

आणि त्याची युक्ती खोटे साक्षीदार उभे करण्याची नाहीच. साक्षीदार खरं बोलतात. कंडक्टर, लॉजवाला, थिएटरमधला माणूस, सगळ्यांनी हे कुटुंब खरंच पाहिलंय. फक्त तारीख त्यांच्या डोक्यात विजयनं नंतर, बोलता बोलता, बसवली आहे. माणसाला प्रसंग आठवतो, तारीख आठवत नाही, आणि कुणी सहज ‘दोन तारखेला आलो होतो ना’ म्हटलं की ती चिकटते. पोलीस जितकं खोलात चौकशी करतील तितकी साक्ष पक्की होते. या एका विचारावर सव्वा तासाचा ताण उभा राहतो, आणि तब्बूची मीरा देशमुख, बेपत्ता मुलाची आई असलेली पोलीस अधिकारी, तो ओळखते तेव्हा आपल्यालाही ती बरोबर आहे हे माहीत असतं. आई विरुद्ध बाप, दोघंही आपापल्या लेकरासाठी. खटकतो तो मुलीच्या छळाचा भाग जरा भडक केलाय, आणि सुरुवातीची गाणी काढली असती तर बरं झालं असतं.

परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (2023) याच्या बरोबर उलट दिशेनं जातो. इथं बेत पहिल्या प्रसंगापासून समोर आहे: नवऱ्याला बायको नको आहे, प्रेयसीला सोबत घेऊन खून करायचा आणि आत्महत्या वाटावी असं रचायचं. ते दोघं घड्याळ लावून तालीम करतात, किती मिनिटं कशाला लागतील हे मोजतात. बेत इतका काटेकोर आहे की बिघडायला एखादी क्षुल्लक गोष्ट पुरते. मग एक बिघाड झाकायला दुसरा, तो झाकायला तिसरा. स्वप्नील जोशीच्या चेहऱ्यावरचा घाम आणि वरवरचं हसू यांचं मिश्रण इथं फार उपयोगी पडलंय, आणि सुबोध भावे अत्यंत शांतपणे परिस्थिती बिघडवत जातात. नाव ‘वाळवी’ का, हे शेवटी कळतं. तोवर कुणालाही विचारू नका. लांबी कमी, गाणी नाहीत, पसारा नाही. जेवायच्या आधी लावून जेवायला उठता येईल असा, पण मध्ये थांबवू नका. वेळ मोजण्याचा सगळा परिणाम तुटतो.

आता घरच्यांचे सिनेमे. यांनाही नियम असतो: पात्रांना एकमेकांबद्दल काय माहीत आहे आणि काय बोललं जात नाही. ‘नाळ’ (2018) यात पहिला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, ‘सैराट’चे छायाचित्रकार. चैत्या आठेक वर्षांचा, वऱ्हाडी बोलणारा, नदीकाठी हुंदडणारा. मामा बोलून जातो की ही तुझी सख्खी आई नव्हे, आणि त्या क्षणापासून पोरगा आईला तपासायला लागतो. जेवायला हाक मारते का, उशीर झाल्यावर रागावते का, दुसऱ्यांच्या आया कशा वागतात. आईला यातलं काहीच माहीत नाही, ती नेहमीसारखीच वागते, आणि तीच वागणूक त्याला आता परकी दिसते. श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या बघण्यासाठी. देविका दफ्तरदारची आई तर फारच सुंदर. एक रुसलेलं मूल आहे एवढंच तिला दिसतं, आणि ती तेवढ्याच उपायांनी त्याला समजवत राहते.

शेवटच्या भागात जन्मदाती आई घरी येते. बाकीचे सगळे आपापल्या कामात, आणि पोरगा नुसता तिच्या आसपास घुटमळतो, तिनं एकदा तरी बघावं म्हणून. त्यावर कुणी काही बोलत नाही. हा प्रसंग सहा वर्षांच्या मुलालाही कळतो आणि आजीलाही. दत्तक मूल असलेल्या घरांनी मात्र आईबापांनी आधी स्वतः बघावा, मग मुलासोबत. मध्येच प्रश्न येतील आणि ते यायला हवेत.

‘बाईपण भारी देवा’ (2023) मोठ्या पडद्यावर जितका भिडला तितका घरी भिडत नाही. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, प्रत्येकीचं एक दुखणं. सहा दुखण्यांना वेळ वाटायचा तर कुणालाच पुरेसा मिळत नाही, हे सरळ दिसतं. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी यांच्यातला ताण सगळ्यात खरा, कारण तो सगळ्यात कमी बोलून दाखवलाय. ज्या घरात चार बायका एकत्र बसून बघतील तिथं हा सिनेमा दुप्पट चांगला होतो. झिम्मा आणि फुगड्यांचे प्रसंग आले की त्या स्वतःच्या चुलत्या-मावश्यांबद्दल बोलायला लागतात, आणि तेव्हा मध्ये कुणी ‘शू’ म्हणू नये.

‘नाळ 2’ (2023) लावायचा असेल तर ‘नाळ’नंतर लगेच लावा, पण त्याच रात्री नको. चैत्या थोडा मोठा झालाय, जन्मदात्या आईच्या घरी जातो आणि तिथं त्याला बहीण भेटते. त्रिशा ठोसरची चिमी पडद्यावर आली की लहान मुलं टीव्हीच्या जवळ सरकतात. पहिला न बघता दुसरा पाहिलात तर चैत्या त्या घरात एवढा गप्प का आहे, हे कळायला अर्धा सिनेमा जातो.